उचल, संशय आणि टाळेबंदी

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले, की सुमारे दहा किलोमीटरवर पाली लागते. रस्त्याच्या कडेला बिंदुसरा प्रकल्पाचा जलाशय, मागे बालाघाटाच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि गावाजवळून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग. दिवाळीच्या आगेमागे या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा जिल्ह्यातले असे सगळे रस्ते ट्रक-ट्रॅक्टरांनी भरून वाहतात. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की तीच वाहने चूल-भांडी, शेरडं-करडं आणि लेकरं घेऊन माघारी येतात. परतीचा हा काळ साधारण गुढीपाडव्याच्या आसपासचा. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. टाळेबंदीत माणसांची मने कशी खचली याची जी हकिकत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती घरात कोंडल्या गेलेल्या शहरी माणसाची आहे. चार भिंती, पडद्यावरचे काम, एकटेपणा, उडालेली झोप. ती खोटी नाही. पण बीड जिल्ह्याच्या बाजूने त्या दीड वर्षाकडे पाहिले, तर चिंतेचा आणि नैराश्याचा उगम दुसरीकडे सापडतो. इथल्या माणसाला कोंडून घेण्याइतके घर मुळातच नव्हते. त्याचे मन पोखरले ते अंगावर राहिलेल्या उचलीने आणि आपल्याच गावाने घेतलेल्या संशयाने. हे म्हणणे नुसत्या सहानुभूतीपोटी केलेले नाही. त्याला पुरावा आहे, आणि त्यावरचे आक्षेपही तितकेच वजनदार आहेत.

आधी उचलीचे पाहू. ऊसतोडीत माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडप्याला एकरकमी पैसे देतो, ती उचल. त्या काळात ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याच्याही वर जात असे. मग फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडला, तर टनामागच्या दराने तेवढी रक्कम उचलीतून वळती होते. आजारपण, बाळंतपण, लेकराचा ताप, कशानेही दिवस बुडाला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापून घेतले जातात. बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्याच्या मुळाशी हाच खाडा होता. तेव्हा जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले होते. हंगाम संपताना उचल फिटली नसेल, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. २०१९-२० चा हंगाम मुळातच वाईट होता. आधीच्या वर्षीच्या दुष्काळाने उसाची लागवड घटलेली, ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर-सांगलीचा ऊस कुजलेला, आणि गाळप सुरू व्हायलाही उशीर झालेला. राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षीच्या १०७ लाख टनांवरून ६२ लाख टनांच्या आसपास उतरले. ऊस कमी म्हणजे तोड कमी, आणि तोड कमी म्हणजे उचल फिटलेली नाही. मार्च २०२० मध्ये रस्ते बंद झाले तेव्हा अनेक जोडप्यांचा हिशेब असा अर्धवट लोंबकळत होता. विषाणूची भीती या आधीच्या भीतीवर येऊन बसली.

२३ मार्चला राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता देशाची टाळेबंदी जाहीर झाली, ती अमलात यायला चार तास उरले होते. आधी २१ दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे, अशी मुदत पुढे सरकत गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारात आणि फडांच्या कडेला कोप्या टाकून राहिलेली माणसे तिथेच अडकली. कोपी म्हणजे पाचटाचे किंवा ताडपत्रीचे, वाकून आत शिरावे लागणारे खोपटे. एप्रिलच्या उन्हात त्यात दुपार काढणे अवघड होते. काहींचे गाळप संपले होते, म्हणजे रोजची तोड बंद आणि खर्च चालू. बैलांना वैरण हवी होती, आणि तोड थांबल्यावर वाढेही मिळेना. घरी म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली लेकरे होती. बाजार बंद असताना ती काय खात असतील, ही काळजी फोनवरून सुटण्यासारखी नव्हती. काही टोळ्या रात्रीच्या वेळी आडवाटेने निघाल्या आणि जिल्ह्याच्या वेशीवर अडवल्या गेल्या. अखेर १७ एप्रिलला राज्य सरकारने आदेश काढला. ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत असलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना तपासणी करून गावी जाऊ द्यायचे ठरले. परराज्यांतल्या मजुरांच्या प्रवासाला केंद्राने परवानगी दिली ती २९ एप्रिलला. म्हणजे देशातल्या अडकलेल्या श्रमिकांपैकी घरी जाण्याची वाट सर्वांत आधी मोकळी झालेल्यांत बीडचे कामगार होते. हे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे.

घरी पोचल्यावर सुटका झाली असे मात्र नाही, आणि इथून या हकिकतीचा दुसरा धागा सुरू होतो. जिल्ह्यात तोवर आजार जवळजवळ नव्हता. एप्रिलमध्ये आष्टी तालुक्यातल्या पिंपळ्याचा एक रुग्ण सोडला, तर मेच्या मध्यापर्यंत बीडची पाटी कोरी होती. मग मुंबईहून आलेल्यांमध्ये रुग्ण सापडू लागले. त्यामुळे साथ म्हणजे बाहेरून आलेला माणूस, हे समीकरण गावोगाव पक्के झाले. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या, बैलगाडीची चाके, मुरमाचे ढीग टाकून वेशी बंद करण्यात आल्या. परतलेल्यांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत, नाहीतर शेतातल्या गोठ्यात. जेवणाचा डबा लांबून ठेवायचा, पाण्याला वेगळी घागर, गावातल्या दुकानातून काही हवे असेल तर निरोप धाडायचा. ज्या गावात माणसाचे मत, रेशनकार्ड आणि देव आहे, त्याच गावाच्या वेशीवर त्याला आपण रोगी नसल्याचे सिद्ध करावे लागले. शहरातही हेच वेगळ्या रूपात चालले होते. मार्चच्या मध्यापासून परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले आणि ते पाहून पालघर स्थानकावर चार प्रवाशांना गाडीतून उतरवण्यात आले. पुढे दारांवर फलक लागले, ते सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज लावू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाला ९ डिसेंबर २०२० रोजी सांगावे लागले.

हे सगळे आधी कळण्यासारखे नव्हते, असेही म्हणता येत नाही. टाळेबंदीच्या जवळपास महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासकांनी सार्स, इबोला वगैरे साथींमधल्या विलगीकरणावरच्या २४ अभ्यासांचा आढावा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. विलगीकरणात मन कशाने बिघडते याची त्यांनी दिलेली कारणे अशी: लांबत जाणारी मुदत, लागण होण्याची भीती, कंटाळा, अपुरा शिधा, अपुरी माहिती, पैशाचे नुकसान आणि कलंक. शेवटच्या दोन गोष्टींचे ओझे विलगीकरण संपल्यावरही उतरत नाही, असे त्यांनी नोंदवले होते. मुदत वाढवायची असेल तर कारण आणि तारीख स्पष्ट सांगा, उत्पन्नाची भरपाई द्या, अशा त्यांच्या सूचना होत्या. बीडच्या कामगाराला यातले कंटाळ्याचे कारण सोडून बाकी सगळी एकदम लागू होती. आपल्याकडे चर्चा झाली ती प्रामुख्याने कंटाळ्याची. छंद जोपासा, प्राणायाम करा, बातम्या कमी पाहा, हे सल्ले चुकीचे नव्हते; ते ज्यांना उपयोगी पडण्यासारखे होते त्यांनाच उद्देशून होते.

संशयाची धार किती मोठी असते हे नीट कळायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात लागू झालेला साथरोग कायदा हा ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरे तपासली, माणसे उचलून छावण्यांत नेली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या खुनात झाला हे सर्वांना ठाऊक आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता, पण प्लेग काही सरहद्द पाहून थांबला नाही. त्या वर्षांत दख्खनच्या गावोगाव एक रीत पडली होती. उंदीर पडू लागले, की सारे गाव घरांना कुलपे घालून रानात जायचे आणि साथ ओसरेपर्यंत झोपड्यांत राहायचे. सोय काहीच नसे. थंडी, पाऊस, साप-विंचू, भूक आणि मरण हे सगळे तिथे होते. ती माणसे घाबरली नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरी तिथे पाटलापासून येसकरापर्यंत सगळेच रानात होते. जातीप्रमाणे झोपड्या वेगळ्या पडत, त्या भेदाचे कौतुक करण्याचे कारण नाही. तरीही कोणा एका कुटुंबाला उचलून ‘तुम्ही बाहेर थांबा’ असे सांगितलेले नव्हते. २०२० मध्ये तेच शिवार आणि तशीच झोपडी होती, पण तिच्यात एकच घर होते आणि उरलेले गाव वेशीच्या आत होते. घर सोडून रानात राहणे दोन्ही वेळा आले. एकदा ते संकट सर्वांचे होते, दुसऱ्यांदा काही माणसेच संकट ठरवली गेली. टाळेबंदीतल्या मनोव्यथेचे कारण ‘बंद असणे’ हे मानले, तर या दोन अनुभवांमधला फरक उलगडत नाही. बाजूला काढले जाणे हे कारण धरले, की तो उलगडतो.

या म्हणण्याचा आणखी एक पुरावा खुद्द पालीत आहे. तिथे दत्ता आणि संध्या बारगजे यांची ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा सांभाळ करते. गावातल्या, नात्यातल्या लोकांनी ज्यांच्यासाठी दार लावून घेतले, अशा मुलांसाठी ही जागा उभी राहिली. म्हणजे कोरोना यायच्या कितीतरी आधी पालीला एका साथीने निर्माण केलेले घर होते. एचआयव्हीच्या भीतीचा इतिहास पाहा. भारतात १९८६ मध्ये पहिले रुग्ण आढळले, आणि पुढची जवळजवळ दोन दशके हा आजार म्हणजे चारित्र्याचा डाग आणि मरणाची तारीख होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली, तेव्हा मरणाची तारीख पुढे गेली, डाग राहिला. औषध रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यायचे असते. गोळीची ती वेळ कोणापासून लपवायची नसणे, हीच अशा मुलांच्या मनासाठी केवढी मोठी मोकळीक असते. शाळा, नोकरी, घर यांत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ ला अमलात आला. औषध, कायदा आणि आपले म्हणणारे घर या तिन्हींची गरज पडली, तेव्हा कुठे एका आजाराची दहशत उतरू लागली. अजून ती पुरती गेलेली नाही. टाळेबंदीत एचआयव्हीच्या औषधांचा पुरवठा एकेका महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांचा करण्याचे धोरण राबवले गेले, कारण खंड पडला तर काय होते हे त्या कार्यक्रमाने अनुभवातून शिकून ठेवले होते. कलंकाबद्दल शिकलेले मात्र कोरोनाच्या कार्यक्रमात कोणी आणले नाही. शिक्के आणि फलक यांची कल्पना सुचली, ती या धड्यावरून न जाता.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि स्त्रिया व तरुण यांना त्याची झळ अधिक बसली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच केलेल्या ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून थोड्या अधिकांना यांपैकी काहीतरी जाणवत होते. पण ऑनलाइन पाहणीत उत्तर देतो तो स्मार्टफोन, नेटपॅक आणि निवांत पंधरा मिनिटे असलेला माणूस. कोपीतली बाई त्यात येत नाही. त्याआधीचे २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण घरोघर जाऊन केलेले आणि मोलाचे. ते बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून आत्महत्यांच्या नोंदींकडे वळावे लागते. त्यांतून मनाची स्थिती पूर्ण कळत नाही, फक्त तिचे टोक दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ जणांनी जीव दिला. यांत रोजंदारीवर जगणारे २०१९ मध्ये ३२,५६३ होते, ते २०२१ मध्ये ४२,००४ झाले. म्हणजे दर चारांत एकाहून अधिक. महाराष्ट्राचा आकडा याच दोन वर्षांत १८,९१६ वरून २२,२०७ वर गेला, आणि तो देशात सर्वांत मोठा होता.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त २१ देशांचा अभ्यास आला आणि त्यात साथीच्या पहिल्या महिन्यांत आत्महत्या वाढल्याचे दिसले नाही, काही ठिकाणी त्या अपेक्षेपेक्षा कमीच भरल्या. मग टाळेबंदीने माणसे खचली हे म्हणणे अतिरंजित नव्हे काय? हा अभ्यास खरा आहे आणि तो बाजूला सारण्याचे कारण नाही. उलट तो माझ्या म्हणण्याला आधारच देतो. ते देश उच्च किंवा उच्च-मध्यम उत्पन्नाचे होते. त्यांपैकी अनेकांनी पगाराचा हिस्सा, बेकारभत्ता, कर्जफेडीला मुदत असे उपाय ताबडतोब केले. तिथेही माणसे घरातच होती, बहुधा आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे. घरात राहणे एवढ्यानेच जीव नकोसा होत असता, तर आकडे तिथे आधी चढले असते. अर्थात आपल्याकडची वाढ सगळी टाळेबंदीच्या खात्यावर टाकता येणार नाही. नोंदी पोलिसांच्या असतात, वर्गवारी ढोबळ असते, आणि रोजंदारांचा आकडा साथीच्या आधीपासून चढत होता. बीडपुरते बोलायचे तर ऊसतोड कामगाराची नोंद कोणत्या रकान्यात होणार हाच प्रश्न आहे. त्याच्या नावावर दोन एकर कोरडवाहू असते म्हणून तो शेतकरी, चार महिने दुसऱ्याच्या रानात राबतो म्हणून शेतमजूर, सहा महिने फडात असतो म्हणून रोजंदार. साथीआधीच, २०१५ मध्ये, मराठवाड्यात अकराशेहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत बीड जिल्हा सर्वांत पुढे होता. टाळेबंदी एका आधीच दुखावलेल्या जिल्ह्यावर येऊन पडली. नव्या जखमेचा आकडा जुन्यापासून वेगळा काढता येत नाही, पण घाव कुठे बसला हे त्यावरून कळते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. त्याला कर्ज आणि गावकीच्या हिशेबात कोंबले तर रुग्ण उपचाराला येणार नाही, ‘परिस्थितीच तशी आहे’ म्हणून बसून राहील. ही भीती रास्त आहे. छातीत धडधडते, जेवण जात नाही, रात्रभर डोळा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस गावच्या डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून घेतो आणि परत येतो. खऱ्या आजारापर्यंत कोणी पोचतच नाही. पण उपचाराला यायचे म्हणजे यायचे कुठे? साथ आली तेव्हा महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये होती: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हते. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला होता, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन निराश माणूस हेरायचा, समुपदेशकाकडे पाठवायचा, १०४ क्रमांकावर बोलायला सांगायचे अशी योजना होती. ती चांगली होती. साथीत त्याच आशाताईंकडे ताप मोजणे, बाहेरून आलेल्यांची यादी करणे, सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी, पुढे लसीकरण, हे सारे आले. जून २०२१ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मन हेरायला ठेवलेली बाई थर्मामीटर घेऊन उन्हात फिरत होती आणि गाव तिच्याकडेही संशयानेच पाहत होते. तेव्हा औषध हवेच. पण खचण्याचे कारण उचल असेल तर उचलीवर स्थगिती हाही उपचाराचा भाग ठरतो. बँकांच्या कर्जहप्त्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये मुदत दिली. मुकादमाच्या वहीतले कर्ज कोणत्याच बँकेचे नसते, त्याला कोणी मुदत दिली नाही.

खेड्यात माणूस एकटा नसतो, नातेवाइकांच्या गोतावळ्यात तो सावरतो, असेही सांगितले जाते. एरवी ते बऱ्याच अंशी खरे आहे. दुःख हलके करायच्या जागा गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत: आठवडी बाजार, पारावरची बैठक, हरिनाम सप्ताह, जत्रा, आणि कोणी गेले तर दहाव्या-तेराव्याला जमणारी माणसे. टाळेबंदीने नेमक्या याच जागा बंद केल्या. देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. ज्या घरात मरण झाले त्या घरी जाऊन नुसते बसून राहणे, ही आपल्याकडची सर्वांत जुनी मानसोपचाराची रीत, तीच गुन्हा ठरली. मग दुसरी लाट आली. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याचा आधार होते. एप्रिल २०२१ मध्ये तिथून एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह स्मशानात नेल्याचे देशाने पाहिले. कर्मचारी निर्दय होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या. पण त्या बावीस घरांमधल्या माणसांना आपल्या माणसाचे तोंड पाहता आले का, त्याच्यामागे चार पावले चालता आले का, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या झोपेवर लिहिलेले असते. गोतावळा असूनही तो त्यांच्या उपयोगी पडला नाही, कारण त्याला जवळ येऊ दिले गेले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रभावी: टाळेबंदी केली नसती तर याहून कितीतरी माणसे मेली असती. हे मी नाकारत नाही. मेपर्यंत बीडची पाटी कोरी राहिली ती नाकाबंदीमुळेच, आणि तेवढ्या काळात खाटा, प्राणवायू, प्रयोगशाळा यांची जी काही जमवाजमव झाली ती झाली. वाद टाळेबंदी करावी की नाही हा नाहीच. ज्या आदेशाने माणसाचे काम थांबवले, त्याच आदेशात त्याच्या देण्याचे काय हे लिहिता आले असते. ज्या परिपत्रकाने परतलेल्याला शाळेत ठेवायला सांगितले, त्यातच त्याच्या जेवणाची, भेटीगाठीची आणि चौदा दिवसांनंतर सन्मानाने गावात घेण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकता आली असती. काही गावांनी ते आपणहून केलेही. शाळेत ठेवलेल्या माणसांनी भिंती रंगवल्या, झाडांना आळी केली अशा बातम्या राज्यातून आल्या. विलगीकरण तेच, मुदत तीच, पण माणसाला काम आणि मान मिळाला की त्याची मनःस्थिती वेगळी राहिली.

मुलींची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, ग्रामीण भागातले वरचे वर्ग मधल्या थोड्या काळाचा अपवाद वगळता ४ ऑक्टोबर २०२१ लाच नीट उघडले, आणि बीड हा असा जिल्हा आहे जिथे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. दीड वर्ष घरी बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कशाची चिंता वाटत असेल, हे कोणत्याही प्रश्नावलीत विचारलेले नव्हते.

२०२० च्या पावसाळ्यानंतर ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी दरवाढीसाठी संप केला. ऑक्टोबरच्या अखेरीस १४ टक्के वाढीवर तडजोड झाली आणि साथ चालू असतानाच टोळ्या पुन्हा निघाल्या, मागची बाकी अंगावर घेऊन. त्या निघण्याला कोणी मनाची उभारी म्हणेल. मला त्यात उचलीची सक्ती दिसते.

या साऱ्याचा कागदी पुरावा अजून शिल्लक आहे, आणि तो फार काळ राहणार नाही. वेशीवरच्या नाक्यांची नोंदवही, शाळांमधल्या विलगीकरणाची हजेरी, ग्रामसेवकांच्या याद्या, आशाताईंच्या डायऱ्या, कारखान्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलेली कामगारांची पत्रके, मुकादमांच्या वह्या: पालीसारख्या गावातल्या टाळेबंदीचा इतिहास यांत आहे, ऑनलाइन पाहण्यांत नाही. ग्रामपंचायतींनी हे कागद रद्दीत घालू नयेत. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र विभागांनी ते गोळा करावेत, आणि ज्यांनी ते दिवस शाळेच्या वर्गात किंवा शेतातल्या गोठ्यात काढले त्यांचे म्हणणे, विशेषतः बायकांचे, नावे उघड न करता त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ज्यांना आजही त्या काळाची धास्ती सोडत नाही, त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.